आजोबांचा तिकीट नंबर काय होता? गिरणगावातल्या घराचा इतिहास कसा शोधायचा

माझे आजोबा 'गिरणीत होते', एवढंच आम्हाला माहीत होतं. लालबाग-परळच्या हजारो घरांत हे वाक्य इथंच संपतं. कुठल्या गिरणीत? 'ती काय, डिलाईल रोडला.' काय काम करायचे? 'मशीनवर.' आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक पगारपावती मिळाली. तिच्यावर नाव, तिकीट नंबर (म्हणजे कामगाराचा गिरणीतला क्रमांक) आणि खात्याच्या जागी कारकुनाच्या घाईच्या अक्षरात 'त्रासन' एवढा शब्द. पाठीमागे पेन्सिलीनं 'खानावळ' आणि पुढे रकमेचा आकडा. त्या चिठोऱ्यावरून पुढं दोन वर्षं जो शोध झाला, त्यातून जे शिकलो ते इथं लिहितो आहे.

एक सांगून ठेवतो. गिरणी कामगाराचं घर एका जागी नसतं. अर्धं चाळीतल्या खोलीत आणि अर्धं गावी. त्यामुळे नुसतं मुंबईत शोधलं तरी फसाल आणि नुसतं गावी शोधलं तरी. सारखं ये-जा करावं लागतं, आजोबांनी केलं तसंच.

आधी ट्रंक, मग माणसं

सरकारी कचेरीत पहिल्या दिवशी जाऊ नका. आधी घरातली कागदपत्रं काढा. ट्रंक, देव्हाऱ्याचा खण, गादीखालची पिशवी, फ्रेममधल्या फोटोची मागची बाजू. रेशनकार्ड, भाडेपावत्या, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या, ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड, गावाहून आलेली पोस्टकार्डं. प्रत्येक कागदाचे दोन फोटो काढा, पुढचा आणि मागचा. मागचा विसरू नका. आमच्या पावतीचं खरं सोनं मागं होतं.

मग माणसं. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा, आणि ती उद्यावर टाकू नका. 'आजोबांबद्दल सांगा ना' असं विचारलं की 'फार चांगले होते' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा हातात धरता येईल असं काही विचारा. मुंबईत पहिल्यांदा कुणाकडे उतरले? कामाला कुणी 'लावलं'? कुठली पाळी? भोंगा कुठल्या गिरणीचा ऐकू यायचा? खोलीत किती जण झोपायचे आणि रातपाळीवाला परत आल्यावर कुणाची जागा घ्यायचा? जेवण घरचं की खानावळीचं?

'कुणी लावलं' हा प्रश्न मला सर्वांत उपयोगी पडला. गिरणीत भरती जॉबर किंवा मुकादमाच्या हातात असायची. तो बहुधा आपल्याच गावचा, भावकीतला, ओळखीतला. जॉबरचं नाव कळलं की कुठल्या गावची माणसं कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात आणि कुठल्या चाळीत एकवटली, याचा धागा हाती येतो.

वर्ष विचारू नका. वर्ष कुणालाच आठवत नाही, आणि आठवलं तरी चुकीचं आठवतं. त्याऐवजी 'अमुकच्या आधी की नंतर' असं विचारा. खुंट्या भरपूर आहेत: १८९६ चा प्लेग, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ), १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, १७ जुलै १९४७ ला बुडालेली 'रामदास' बोट, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप. माझी आत्या जन्मसाल सांगताना तीन वेळा चुकली, पण 'बोट बुडाली तेव्हा मी पाळण्यात होते' हे तिनं न अडखळता सांगितलं.

खातं कळलं की निम्मं कळलं

'त्रासन' म्हणजे काय ते मला कुणाला तरी विचारावंच लागलं. इंग्रजी 'थ्रॉसल'चं कामगारांनी केलेलं हे रूप. म्हणजे सूतकताईचं खातं, पुढे रिंग खातं म्हणू लागले तेच. उकाडा, कापसाची धूळ आणि सतत तुटणारे धागे पाहता नाव अगदी बरोबर पडलं म्हणायचं.

खात्यावरून पगार कळतो, आणि बऱ्याचदा जातीचा इतिहासही कळतो. विणकाम खातं, म्हणजे साचे, इथं पगार बरा होता; पण दलित कामगारांना तिथं येऊ देत नसत. कारण धोट्यातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. तेव्हा आजोबा साचेवाले होते की कताई खात्यात, यामागं त्यांची आवड क्वचितच असेल. घरातल्या बाया गिरणीत होत्या का, हेही विचारा. त्या बहुतेक रीळ आणि वायंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात असत. आमच्याकडे 'आपल्या बायका कधी बाहेर कामाला गेल्या नाहीत' असं ठासून सांगितलं गेलं. पुढे पणजीचीच वायंडिंग खात्यातली नोंद निघाली.

गिरणीचे कागद

म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या योजनेत जे पुरावे मागतात, ती यादी इतिहास शोधणाऱ्यालाही आयती उपयोगी पडते: ओळखपत्र, तिकीट क्रमांकाचा पास, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, प्रॉव्हिडंट फंड क्रमांक, ईएसआय क्रमांक, हजेरीपत्रक, रजेचं रजिस्टर, ग्रॅच्युइटीचा आदेश, पगारपावती. यातलं एक जरी सापडलं तरी तिकीट नंबर मिळतो, आणि तिकीट नंबर म्हणजे गिरणीतलं नाव. एकाच गिरणीत एकाच नावाचे पाच-सहा कामगार असत, नंबर मात्र एकेकालाच.

घरात कुणी त्या योजनेसाठी अर्ज केला असेल तर आधी ती फाईल मागा. आमच्या काकांनी अर्जासाठी जमवलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात मला अर्धा इतिहास एका दिवसात मिळाला. मूळ कागद मात्र कुणाही मध्यस्थाच्या हातात देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी.

काळाचं भान ठेवा. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा आणि मुंबईत ईएसआय १९५४ पासून. १९४० साली निवृत्त झालेल्या पणजोबांचा पीएफ नंबर शोधत बसू नका. शिवाय बदली कामगार एका गिरणीचा नसायचाच. सकाळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर दुसऱ्या दारात. घरात दोन गिरण्यांची नावं निघाली तर कुणाची तरी चूक झाली असं लगेच समजू नका.

गिरण्यांची नावंही बदललेली आहेत. सासून घराण्याच्या गिरण्या १९४३ मध्ये विकल्या गेल्या आणि 'इंडिया युनायटेड' झाल्या, तरी जुनी माणसं 'जेकब' असंच म्हणत राहिली. त्यांतलीच सहा नंबरची इंदू मिल, जिथं आता बाबासाहेबांचं स्मारक होतं आहे. १९७४ च्या कायद्यानं काही आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि संपानंतर १९८३ मध्ये मुंबईतल्या आणखी १३ ताब्यात घेतल्या गेल्या. तुमची गिरणी यांतली असेल तर चौकशी महामंडळाकडे, खाजगी राहिली असेल तर कंपनीच्या आजच्या वारसदाराकडे. परळच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघातही विचारा. हेलपाटे पडतील. मी एका कचेरीत चार खेपा घातल्या आणि पाचव्या खेपेला, साहेब रजेवर असताना, तिथल्या शिपाईमामांनी कपाट उघडून दाखवलं.

जाता जाता: बल्लारपूर, वणी, उमरेडच्या कोळसापट्ट्यातल्या कुणाला आपलं घर शोधायचं असेल तर पद्धत हीच. फरक एवढाच की खाणकामगारांचा भविष्य निर्वाह निधी वेगळा, कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, आणि १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात खाणींचे मालक बदललेले. बाकी ट्रंक आणि म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच.

खोली

आता खोलीचा माग. भाडेपावतीवर चाळीचा नंबर, खोली नंबर, भाडेकरूचं नाव आणि मालक असतो. बीडीडी चाळ असेल तर काम सोपं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात बांधलेल्या या २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येकीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. मालक सरकार असल्यानं भाडेकरूंच्या नोंदी आहेत, आणि पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळण्यासाठी पात्रता ठरवताना घराघरातले जुने कागद पुन्हा बाहेर आले आहेत. शेजाऱ्यांकडे विचारायला यापेक्षा चांगली वेळ नाही. चाळी पाडल्या जात आहेत, माणसं वेगवेगळ्या टॉवरमध्ये जात आहेत आणि एका मजल्याची सामायिक आठवण वीस ठिकाणी पांगते आहे. तुमची खोली अजून उभी असेल तर या रविवारीच जाऊन तिचे, गॅलरीचे, जिन्याचे, सामायिक नळाचे फोटो काढा आणि खोलीचं माप घ्या.

खाजगी चाळ असेल तर सिटी सर्व्हे नंबर शोधून मालमत्ता पत्रक काढा. मालकी कशी बदलत गेली ते त्यावर दिसतं. भाडेकरू मात्र तिथं दिसत नाहीत.

खोली कुटुंबाचीच होती असंही धरू नका. घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांनी मुंबईत गावकीची खोली घेतलेली असे. गावचा कुणीही आला की ट्रंक तिथं, पथारी तिथं, आणि जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बहुतेक बायका गिरणी कामगारांच्याच घरातल्या किंवा विधवा. त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केल्यावर त्यातल्या काही जणी कागदावर आल्या. आमच्या पावतीमागचा 'खानावळ' हा शब्द घेऊन मी त्याच गल्लीत विचारत फिरलो, तर एका आजींच्या सासूचीच ती खानावळ निघाली. आजोबांना मासळीच्या दिवशी दोन वाट्या कालवण लागे, हे मला तिथं कळलं. हे कुठल्या पुराभिलेखात मिळणार?

जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी महापालिकेचं विभाग कार्यालय: परळ-लालबागला एफ दक्षिण, वरळी-लोअर परळला जी दक्षिण, भायखळ्याला ई. पण पहिलं मूल माहेरी जन्मतं हे विसरू नका. आमच्याकडे थोरल्या आत्याची नोंद मुंबईत शोधून थकलो. ती होती आजीच्या माहेरच्या तालुक्यात. धाकटी भावंडं मात्र वाडिया रुग्णालयात जन्मलेली. केईएम आणि वाडिया दोन्ही १९२६ ची, त्याआधीचे जन्म बहुतेक घरीच.

पालिकेच्या शाळेचं जनरल रजिस्टर ही फार मोलाची वही. त्यात पूर्ण नाव, जात, जन्मठिकाण, आधीची शाळा असं सगळं मिळतं. फक्त जन्मतारीख '१ जून' असेल तर हसून पुढं जा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तरांनी अंदाजानं तारीख घातलेली असायची. आमच्या घरात पाच 'एक जूनवाले' आहेत.

गावचा निम्मा भाग

गावी तलाठ्याकडे सातबारा आणि फेरफार मागा. सातबाऱ्यापेक्षा फेरफार कितीतरी बोलका. कुणी वारलं की वारसनोंद होते, त्यात बायको, मुलगे, मुली, कधी सुनासुद्धा. सहा-सात फेरफार एकापुढे एक ठेवले की वंशावळ तयार. अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. कोकणात तुमचे लोक जमिनीचे मालक नसून खोताची कुळं असतील, तर नाव मालकाच्या रकान्यात नसून कुळाच्या रकान्यात शोधा.

तहसील कार्यालयात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मिळालं तर जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. जुनी पानं मोडी लिपीत असतात. मोडी शिकायला काही महिने लागतात, पण नावं आणि आकडे ओळखायला आठ-दहा रविवार पुरतात. मी एवढंच शिकलो आणि उरलेलं वाचकाकडून वाचून घेतलं. फी आधी ठरवा आणि लिप्यंतराबरोबर मूळ पानाचा फोटो घ्या.

जिल्ह्यांची नावं बदलली आहेत. १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग नव्हता, सगळं रत्नागिरी. रायगड तेव्हा कुलाबा होता. सांगली १९६० पर्यंत दक्षिण सातारा. कागदावर 'जि. रत्नागिरी' दिसलं म्हणून संगमेश्वर-लांज्यातच शोधू नका, माणूस मालवणचा असू शकतो.

आडनावाचाही गोंधळ आहे. गिरणीच्या हजेरीवर बऱ्याचदा नाव आणि वडिलांचं नाव एवढंच असे. पुढं शाळेत कुणी गावावरून 'कर' लावलं, कुणी जुनं आडनाव धरलं. सख्ख्या भावांची दोन आडनावं सापडली तर घाबरू नका. त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आणि सांगली-कोल्हापूरकडे वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्यांकडे अशा गाठी सुटतात. हेळव्यांची माहिती ऐकून लिहून घ्या, पण फेरफाराशी ताडून बघितल्याशिवाय पक्की धरू नका.

छापलेलं

माझ्या मते गिरणगावाच्या स्थानिक इतिहासाचा सर्वांत दुर्लक्षित साठा म्हणजे गणेशोत्सव मंडळांचे अहवाल आणि स्मरणिका. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेशगल्लीचं १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं. शिवाय गल्लोगल्लीची लहान मंडळं. स्मरणिकेत कार्यकारिणीची नावं, वर्गणीदार, फोटो असतात आणि जाहिरातींत त्या वेळची दुकानं, खानावळी, इस्त्रीवाले. तसंच मुंबईतल्या तुमच्या ग्रामस्थ मंडळाची इतिवृत्ताची वही, व्यायामशाळेच्या नोंदवह्यांचा गठ्ठा, भजनी मंडळाचं हिशेबाचं पुस्तक. आजोबांची सही मला पहिल्यांदा दिसली ती गावच्या शाळेसाठी मुंबईकरांनी काढलेल्या वर्गणीच्या यादीत, दोन रुपयांपुढे.

मोठ्या संस्थांकडे त्यानंतर जा, म्हणजे काय मागायचं ते ठाऊक असेल. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार: ओळखपत्र आणि विषयाचा अर्ज न्या, आणि 'माझे आजोबा' असं न मागता गिरणी, साल आणि खात्याचं नाव सांगून मागा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी मराठी नियतकालिकं आहेत. एशियाटिक सोसायटीत अहवाल. १९२१ पासून निघालेल्या 'लेबर गॅझेट'मध्ये कामगारांचे पगार, संप, महागाई असं महिन्यामहिन्याचं मिळतं. मुंबईचं १९०९-१० चं तीन खंडी गॅझेटिअर सरकारच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. यांत तुमच्या माणसाचं नाव सापडणार नाही, पण त्या वर्षी तांदळाचा भाव काय आणि संप किती दिवसांचा हे सापडतं. घरची गोष्ट त्यावर बसवून पाहता येते.

पायी फिरणं आणि संपाबद्दल बोलणं

एक सकाळ खोलीपासून गिरणीच्या दारापर्यंत पायी चाला, पहिल्या पाळीच्या वेळेला. जुन्या नावांची चिठ्ठी खिशात ठेवा: डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, आर्थर रोड म्हणजे साने गुरुजी मार्ग, एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी. फिनिक्सच्या मॉलमध्ये चिमणी अजून उभी आहे. लालबागला भारतमाता टॉकीज बघा. शक्य असेल तर एखाद्या निवृत्त कामगाराला बरोबर न्या. मी एकटा गेलो तेव्हा मला भिंत दिसली. त्रासन खात्यातले एक काका बरोबर आले तेव्हा त्यांनी दाखवलं की या भिंतीत दार होतं, आणि संपाआधीच्या दिवाळीत इथंच बोनस वाटला होता.

संपाबद्दल लगेच विचारू नका. अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत, कधीच रीतसर मागे न घेतलेला संप. हे पुस्तकी सगळं तुम्हाला ठाऊक असेल. पण त्या घरात दागिने मोडले गेले असतील, मुलाची शाळा सुटली असेल, एक भाऊ संपात आणि दुसरा कामावर गेला असेल. आमच्या घरात हेच झालं होतं आणि दोन चुलत घरं बारा वर्षं बोलत नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विषय आपोआप निघतो. रेकॉर्डर चालू करण्याआधी परवानगी घ्या, 'हे लिहू नकोस' म्हणाले तर खरंच लिहू नका, आणि भेट तासाभरात आटोपती घ्या. एकाच वेळी दोघा भावांना बसवू नका; मोठा बोलतो आणि धाकटा मान डोलावतो.

घरी आल्यावर त्याच रात्री टिपण काढा. एका वहीत डाव्या पानावर मुंबई, उजव्या पानावर गाव, वर साल. प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदावर आहे ते लिहा. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा, सोयीची खोडू नका. वहीच्या झेरॉक्स चार घरांत द्या, एक गावी. माझ्या प्रतीवर गावच्या चुलत आजोबांनी लाल पेनानं सतरा दुरुस्त्या केल्या आणि दोन नवीन माणसं घातली.

मूळ कागद कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा, कोरड्या जागी. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, डिंक तर नाहीच. माझ्या एका मामांनी आजोबांचं पास हौसेनं पुठ्ठ्यावर चिकटवून फ्रेम केलं. दिसतं सुंदर. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं, असं मामी म्हणते.